‘पैसे मोजूनही रानपिंगळा दिसला नाही’: एका वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

मेळघाटातल्या पक्षिनिरीक्षणावरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते नीट वाचलं. दोन ओळींत उत्तर देऊन भागलं असतं. पण असाच राग घेऊन परतवाड्याच्या स्टँडवर उतरणारी माणसं आम्हा इकडच्यांना दर हिवाळ्यात भेटतात, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेख वाचून तुम्ही फेब्रुवारीत एका ग्रुपसोबत सेमाडोहकडे गेलात. चौदा माणसं, एक कोरकू गाइड. दोन दिवस पायपीट झाली, रानपिंगळा, म्हणजे इकडचं ते दुर्मीळ छोटं घुबड, दिसला नाही. तुमच्या मोबाइलमध्ये त्याचा आवाज होता, खिशात छोटा स्पीकर होता, पण गाइडने तो वाजवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी नाल्यात उतरायचं ठरलेलं असताना त्याने कारण न सांगता सगळ्यांना मागे फिरवलं. इंग्रजी नावं त्याला धड येत नव्हती. लेखात मी रानपिंगळ्याची नेमकी जागा दिली नाही, हाही राग आहेच. आणि शेवटी टोला: असे गाइड म्हणजे नुसते सोबतीला चालणारे, त्यांचं एवढं कौतुक करणारा लेख कोणीतरी पैसे देऊन लिहून घेतलेला दिसतो.

टोल्याचं आधी उरकतो. लेखाचे मला कोणी पैसे दिलेले नाहीत, आणि तुमच्या आयोजकाची नि माझी ओळखही नाही. उलट त्याच्यावर तुम्ही चिडलात तर मी तुमच्याच बाजूने आहे. चौदा जणांमागे एक गाइड ही शुद्ध कंजुषी झाली. पाच-सहाच्या वर माणसं असली की मागच्यांना पक्ष्याऐवजी पुढच्यांच्या पाठीच दिसतात. पैसे परत मागायचे असतील तर तिथे मागा. गाइडच्या हातात त्यातले किती पडले असतील ते तुम्हीच त्याला विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

आता स्पीकर. खरं भांडण तिथेच आहे.

रानपिंगळा हा हद्दीच्या बाबतीत कमालीचा कडक पक्षी. जोडीचा इलाका ठरलेला असतो. तिथे दुसऱ्या रानपिंगळ्याचा आवाज आला की तो सगळं टाकून बघायला येतो. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या जोड्या जमण्याचा ऐन काळ, आणि रेकॉर्डिंगला तो सगळ्यात जास्त फसतो तोही तेव्हाच. म्हणजे तुम्ही स्पीकर लावला असता तर जवळपासचा रानपिंगळा बहुतेक आलाच असता. गाइडला हे तुमच्याइतकंच माहीत होतं. म्हणून तर तो नाही म्हणाला.

मग आला असता तर काय बिघडलं असतं? एका वेळी फारसं काही नाही. चार-दोन मिनिटं ओरडला असता, समोरच्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवी झटकली असती, तुम्हाला फोटो मिळाला असता. पण ह्या पक्ष्याचा संसार कसा चालतो ते बघा. घरटं सागाच्या किंवा दुसऱ्या एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत. मादी अंड्यांवर बसली की शिकार नराकडे. तो सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणून तिला देतो, आणि पिल्लांना भरवते ती. पिल्लं उडायला महिनाभर लागतो. ह्या सगळ्या दिवसांत नर जितका वेळ नसलेल्या वैऱ्याला शोधत हिंडेल तितका वेळ ढोलीत काही पोचत नाही. शिवाय तो दिवसा वावरणारा. उघड्या फांदीवर येऊन ओरडायला लागला की शिक्रा, मोरघार अशा शिकारी पक्ष्यांनाही तो दिसतोच.

आणि तुमचा ग्रुप एकटा नसतो, राजेहो. आधीच्या शनिवारी कोणी आलेलं असतं, पुढच्या शनिवारी कोणी येणार असतं. प्रत्येकाच्या खिशात स्पीकर आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: ‘एकदाच वाजवतो ना.’ रोज पहाटे कोणीतरी दाराची कडी वाजवून पळावं, तसं त्या जोडीचं होतं. तुमच्यासाठी ते एकदाच असतं. गाइडसाठी तीच जोडी, तेच झाड, वर्षभर. हे गणित त्याला जितकं दिसतं तितकं तुम्हा-आम्हाला दिसायचं नाही.

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञ वाजवतात की. वाजवतात, बरोबर आहे. पण गणतीच्या कामात ठरलेल्या जागी थोडा वेळ आवाज लावतात, उत्तर आलं की बंद करून पुढे सरकतात. त्यातून पक्षी कुठे आहे, किती आहेत ते कळतं. तुमच्या-माझ्या फोटोतून ते कळत नाही.

ह्या पक्ष्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तरी एक बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १८७३ मध्ये ह्यूम ह्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्याची नोंद केली. नमुना ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागातून पाठवलेला. १८८४ मध्ये डेव्हिडसनने खानदेशात शेवटचा नमुना घेतला. त्यानंतर एकशे तेरा वर्षं काही नाही. संपला असंच धरून चालले होते. मधल्या काळात मायनर्टझहागन नावाच्या नामांकित इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं. तो नमुना निघाला ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला, डेव्हिडसनचाच, पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला. ‘मला मिळाला’ एवढं म्हणण्याची हाव माणसाला कुठे नेते बघा. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली. मांडवीच्या नोंदीवर भरवसा ठेवला असता तर शोध भलत्याच जागी गेला असता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन यांना आणि बेन किंग, डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. सकाळची वेळ, उघड्या झाडावर बसलेला.

आता मुद्दा. रानपिंगळा कसा ओरडतो हे तेव्हा जगात कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुठे रेकॉर्डिंगच नव्हतं, वाजवणार काय? शंभर वर्षांत न दिसलेला पक्षी त्या माणसांनी डोळ्यांनी शोधला. तेव्हा ‘स्पीकरशिवाय दिसणारच कसा’ हे तुमचं वाक्य निदान ह्या पक्ष्याबद्दल तरी टिकत नाही. मेळघाटात तो सापडला नंतर, आणि आज त्याचा मोठा आधार हेच जंगल आहे.

डोळ्यांनी शोधायचा म्हणजे कसा, तेही सांगतो, कारण तुमचा गाइड दोन दिवस तेच करत होता आणि तुम्ही त्याला ‘नुसता चालत होता’ म्हणालात.

थंडीत सकाळी रानपिंगळा उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. दहा वाजले की त्याची हालचाल मंदावते. म्हणून गाइड अंधारात उठवतो, चहासाठी थांबू देत नाही आणि चालताना सारखा वर, पानं झडलेल्या शेंड्यांकडे बघत असतो. दाट जंगलात तो तुम्हाला नेतच नाही, कारण रानपिंगळ्याला मोकळं, विरळ सागवान लागतं. कधी कधी तर वावराच्या धुऱ्यालगतचं. ‘जंगल सोडून शेताच्या कडेने फिरवलं’ ही तुमची तक्रार म्हणूनच वाचताना हसू आलं.

दुसरी खूण कानाची. मी एका गाइडसोबत होतो. वाटेच्या उजवीकडे सातभाई पक्ष्यांनी एकदम कालवा सुरू केला. सातभाई काय, कशावरही भांडतात. मी पुढे निघालो. त्याने दंडाला धरून थांबवलं. सातभाईंत आता एक कोतवाल मिसळला होता, मग बुलबुल, मग कुठून तरी दोन शिंजीर, आणि सगळ्यांची तोंडं एका धावड्याच्या एकाच फांदीकडे. लहान पक्षी असे वेगवेगळ्या जातींचे एकत्र येऊन एका जागी तुटून पडले की तिथे घुबड, शिकारी पक्षी नाहीतर साप असतो. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग खोडाला चिकटलेला करडा गठ्ठा हलला. पिंगळा होता, पण ठिपकेवाला. गाइडने झाडाखाली जाऊन पाला सारला, पांढऱ्या शिंतोड्यांजवळून पिंगळ्याने ओकून टाकलेली, बोटाच्या पेराएवढी राखी गोळी उचलली आणि तळहातावर फोडली. आत किड्यांचे चकाकते पाय, पंखांची टरफलं, एक इवलासा जबडा. पक्षी आदल्या रात्री काय जेवला ते माझ्या हातावर ठेवून तो चालायला लागला.

तुमच्या यादीत ठिपकेवाल्या पिंगळ्यापुढे ‘नेहमीचाच’ असं लिहिलंय. लिहा, पण नेहमीचा पिंगळा नीट बघितल्याशिवाय रानपिंगळा ओळखता येत नाही. नेहमीच्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं, छाती सरळ तपकिरी, पोट पांढरं, पंखांवर-शेपटीवर ठळक पट्टे, आणि पायांवर पांढरी पिसं अशी की पायजमा घातल्यासारखं वाटावं. घाईत काढलेल्या फोटोंत ठिपकेवाल्यालाच रानपिंगळा ठरवून टाकणारे कमी नाहीत.

नाल्याचं. मी तिथे नव्हतो, पण तुम्हीच प्रतिक्रियेत दोन फोटो जोडलेत. पहिल्यात ‘कोणीतरी फोडलेलं वारूळ’, दुसऱ्यात ‘कसलं तरी शेण’. भाऊ, ते वारूळ अस्वलाने उकरलंय. माती ओली आहे, म्हणजे काम ताजं. आणि त्या शेणात ज्या बिया दिसतात त्या बोराच्या. फेब्रुवारीत बोरं पिकलेली असतात आणि अस्वल त्यांवर तुटून पडतं. वाळवी ओढताना ते फुसफुस आवाज करत, नाक मातीत खुपसून बसलेलं असतं. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागला की ते दचकून अंगावर येतं. आमच्याकडे माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात ते उगाच नाही. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे बाया-माणसं जंगलात जातात, अस्वलही त्याच झाडाखाली येतं, आणि मग व्हायचं ते होतं.

चौदा माणसांना नाल्याच्या तोंडाशी ‘अस्वल आहे’ सांगितलं असतं तर अर्धी ओरडली असती नि अर्धी मोबाइल काढून पुढे सरकली असती. गाइडने मुकाट्याने वळवलं. कारण त्याने नंतर सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार मान्य. नाश्त्याच्या वेळी दोन वाक्यं बोलला असता तर ही प्रतिक्रिया निम्मी झाली असती. पण अनोळखी शहरी माणसांपुढे कोरकू गाइड फार बोलत नाहीत. तुम्ही विचारलंत तर बोलतात.

इंग्रजी नावांचं मला विशेष वाटत नाही. पुस्तक तुमच्या हातात होतं. तुमच्या यादीतले राखी धनेश, टकाचोर, स्वर्गीय नर्तक, भृंगराज, सर्पगरुड पहिल्यांदा बोट करून कोणी दाखवले?

आणि नेमकी जागा. ती मी देणार नाही. खाजगीतही विचारू नका. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २०१८ पासून त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा थोडा सुधारला असला तरी पक्षी थोडेच आहेत. एका ढोलीचा पत्ता फिरला की तिथे गर्दी होते, आणि गर्दीपेक्षा वाईट म्हणजे करणी-भानामतीसाठी घुबडाची नखं, पिसं शोधणाऱ्यांपर्यंतही तो पोचतो. लेखातून मी सेमाडोह, कोलकास, चिखलदरा इतकंच सांगितलं, पुढचं काम गाइडवर सोडलं.

परत यायचं असेल तर डिसेंबरात या, मधल्या वारी, चार-पाच जणांत. आयोजक मध्ये नको. सेमाडोहला मुक्काम करून तिथूनच स्थानिक गाइड घ्या आणि त्याला पहिल्याच संध्याकाळी सांगा की स्पीकर नाही, यादी नाही, तू नेशील तिकडे. नुसता पिंगळाच डोक्यात नसेल तर मे संपता संपता चिखलदऱ्याकडे या. पावसाच्या आगेमागे नवरंग पक्षी येतो. पहाटे नि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ झाडीतून येते आणि तो मात्र जमिनीवर, पाल्यात किडे शोधत असतो. त्याच्यासाठी मान खाली घालून चालावं लागेल.

दुर्बिणीचं विचारलं होतंत: आठ बाय बेचाळीस घ्या, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहाची घेतलीत तर चढावर हात थरथरतो, आणि विरळ सागवानात तेवढ्या जवळच्या पक्ष्यासाठी तिची गरजही नसते. घेतलीत की दोन दिवस घरच्या गच्चीवर चिमण्या-साळुंक्यांवर चालवून बघा. तुमच्या ग्रुपमधले निम्मे जण जंगलात फोकस लावायलाच शिकत होते, असं तुम्हीच लिहिलंय.