युद्ध संपलं का?

आमच्या घरात गेले अडीच महिने एक युद्ध चालू आहे आणि ते मीच लांबवत आहे, असे आईचे स्पष्ट मत आहे. वास्तविक ते मिडल-अर्थ नावाच्या, केवळ पुस्तकातल्या नकाशावर सापडणाऱ्या भूमीत चालते आणि त्यात माझा हात पाने उलटण्यापुरताच आहे. माझ्या पन्नाशीला भाचीने टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड भेट दिले आणि वर अट घातली, "मामा, तिसरा संपला की मगच मला फोन कर." पोरीचा आवाज ऐकून आता दोन वर्षे होतील.

दुसरा खंड मी फेब्रुवारीत संपवला. त्याच्या शेवटी नायक फ्रोडो शत्रूच्या तावडीत सापडतो, त्याचा सोबती सॅम बंद दाराबाहेर राहतो, आणि पुस्तक संपते. कोणत्याही सहृदय माणसाने त्याच रात्री तिसरा खंड उघडला असता. मला मात्र आधी कार्यालयातला मार्च गाठायचा होता, मग मे महिन्यात मावसभावाच्या मुलीचे लग्न होते आणि दिवाळीपूर्वी घराला रंग काढला. त्या रंगकामात तिसरा खंड जो नाहीसा झाला, तो शेवटी 'पितळी भांडी' असे लिहिलेल्या खोक्यात एका पातेल्यात सापडला. फ्रोडो तोवर आठ महिने कोठडीत होता. मनाला टोचणी लागली, पण मूळ वाचकांचेही हाल काही कमी झाले नव्हते, हे कळल्यावर थोडा धीर आला. दुसरा खंड नोव्हेंबर 1954 मध्ये निघाला आणि तिसरा यायला 20 ऑक्टोबर 1955 उजाडला, कारण लेखकमहाशय मागच्या परिशिष्टांवर हात फिरवत बसले होते. शिवाय तीन खंड ही मुळात त्यांची इच्छाच नव्हती. त्यांनी लिहिली ती एकच लांबलचक कादंबरी. महायुद्धानंतर कागद महागलेला, म्हणून प्रकाशकांनी तिचे तीन भाग केले. शेवटच्या भागाला 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नाव देणेही लेखकाला पसंत नव्हते, कारण राजा परत येणार हे मुखपृष्ठावरच फुटते. मला त्या फुटण्याचा काहीच त्रास झाला नाही. कोणता राजा, हेच मी विसरलो होतो.

इथून खरी परीक्षा सुरू झाली. ज्या फ्रोडोसाठी जीव टांगणीला लागला होता, त्याचे तिसऱ्या खंडाच्या पहिल्या दहा प्रकरणांत दर्शनच होत नाही. त्याऐवजी दुसऱ्याच आघाडीवर एओमर, एओविन आणि एओमुंड अशी एकाच घरातली मंडळी भेटतात. दुष्टांमध्ये एक सॉरॉन आणि एक सारुमान. राज्य करणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये एक थेओडेन आणि एक डेनेथॉर. त्यात राजाला एक नाव पुरत नाही. अॅरागॉर्न हाच स्ट्रायडर, हाच एलेसार, हाच एस्टेल, हाच तेलकोंतार, आणि तरुणपणी म्हणे थोरोंगिल. मी वहीच्या मागच्या पानावर वंशावळ मांडू लागलो तेव्हा आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "यात काय एवढं? विराटपर्वात अर्जुन उत्तराला स्वतःची दहा नावं सांगतो, ती ऐकताना आम्ही कधी वही घेतली नाही."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी भाजी निवडताना मी वाचलेला भाग आईला सांगावा, असा प्रघात पडला; आणि मी चपला काढत असतानाच तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "युद्ध संपलं का?"

वाचन मुख्यतः डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत होत असे. पेलेनोरच्या मैदानावरची मोठी लढाई मी एका पायावर उभा राहून, माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांच्या सोबतीने लढलो. त्यांचा वेग माझ्याहून अधिक होता, त्यामुळे मधूनमधून "उलटा आता" असा हुकूम येई. कोणाही पुरुषाच्या हातून आपल्याला मरण नाही, अशा गुर्मीत असलेल्या सॉरॉनच्या काळ्या सरदारासमोर एका तरुण योद्ध्याचे शिरस्त्राण गळून पडते, आत लांब सोनेरी केस निघतात, आणि नेमके त्याच क्षणी ठाणे आले. लोंढ्याने गृहस्थ फलाटावर वाहून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच डबा आणि तोच दांडा गाठून मला विचारले, "मेला का हो तो सरदार?" मी मान हलवली. त्यांनी समाधानाने वर्तमानपत्र उघडले आणि पुन्हा कधी माझ्या पुस्तकात डोकावले नाहीत.

फ्रोडो आणि सॅम एकदाचे भेटले ते तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात. सॉरॉनची सारी ताकद जिच्यात आहे ती अंगठी ज्वालामुखीत टाकायला निघालेले ते दोघे त्याच्याच मॉर्डोर देशाच्या ओसाड मैदानात पाण्यावाचून रांगत असतात आणि ओझे कमी करण्यासाठी सॅम जवळची स्वयंपाकाची भांडी जमिनीतल्या एका खोल भेगेत फेकून देतो. घरापासून पाठीवर वाहून आणलेली भांडी! ती खाली आदळतानाचा आवाज त्याला मृत्यूच्या घंटेसारखा वाटतो. मी हा प्रसंग रंगवून सांगितला, तेव्हा आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"कढई टाकली?"

"शिजवायला काही नव्हतंच गं उरलेलं. पाणीही नव्हतं."

"म्हणून भेगेत टाकायची? झाडाखाली ठेवावी, येताना घ्यावी."

"तिथे झाड नाही."

"दगडाखाली ठेवावी. बिडाची होती का?"

पुस्तकात धातूचा उल्लेख सापडला नाही. राजे, चेटके, मृतांचे सैन्य यांच्यापैकी कोणासाठीही न हललेली माझी आई त्या रात्री दोनदा उठून म्हणाली, "टाकायला नको होती."

अंगठी 25 मार्च या तारखेला नष्ट होते. त्या संध्याकाळी मी दारातूनच ओरडलो, "संपलं!" आईने शांतपणे विचारले, "मग भांडी घेतली का परत?" गरुडांनी त्या दोघांना वरच्या वर उचलून नेले, हे ऐकल्यावर तिचे म्हणणे पडले की उडताना निदान खाली बघायचे. पण माझी खरी फजिती पुढे होती. अंगठी गेली तरी अजून सहा प्रकरणे शिल्लक होती! राज्याभिषेक झाला, लग्न झाले, मग निरोप सुरू झाले आणि ते काही केल्या आटोपेनात. आमच्याकडे पाहुणे दारात चपला घालून तासभर बोलतात, अगदी तसे. आईला यात वावगे काहीच वाटले नाही. महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत आटोपते, पण शरशय्येवरचे भीष्म त्यानंतर युधिष्ठिराला अख्खे शांतिपर्वभर उपदेश करतात, याची तिने मला आठवण दिली.

मुलगा मात्र म्हणाला, "बाबा, आता पुढे काही नाही, मी पिक्चर पाहिलाय." 2003 सालच्या त्या चित्रपटाला 11 ऑस्कर मिळाले असल्याने मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि पुढच्याच आठवड्यात, चित्रपटाने चक्क गाळलेली लढाई माझ्यासमोर उभी राहिली. फ्रोडो, सॅम आणि त्यांच्याच बुटक्या जमातीतले आणखी दोघे असे चारही हॉबिट गावी परततात तो गावच गुंडांनी बळकावलेला. सारुमान तिथे नाव बदलून बसलेला. सत्तरेक गुंड पडले, एकोणीस हॉबिट कामी आले, आणि मला संध्याकाळी आईपुढे कबूल करावे लागले की संपलेले युद्ध पुन्हा सुरू झाले आहे. "तरी मला वाटलंच," ती म्हणाली, "गावाकडे कोणी बघितलं नव्हतं."

शेवटी काल रात्री उजव्या अंगठ्याखाली बोटभर जाडीचा गठ्ठा शिल्लक दिसत होता, म्हणून रविवारची तजवीज झाली या आनंदात मी फक्त एक पान उलटले. सॅम घरी आला, बायकोने त्याला खुर्चीत बसवले, लेकीला मांडीवर दिले, त्याने आपण परत आल्याचे सांगितले. आणि पुढचे पान 'परिशिष्ट अ'! संपणार म्हणून वाट पाहिली तेव्हा ते संपले नाही, आणि मी गाफील असताना संपले. मागची शंभराहून अधिक पाने म्हणजे राजांच्या याद्या, पंचांगे, वंशावळी आणि लिप्या.

सकाळी आईला सांगितले, "संपलं. आता नुसती परिशिष्टं उरली आहेत, ती कोणी वाचत नाही."

"काय असतं त्यांत?"

मी सहज चाळले. सॅम पुढे सात वेळा नगराध्यक्ष झाला, त्याला तेरा मुले झाली.

"तेरा?" आईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मग कढई घेतलीच असेल त्याने. आणि घेतली असेल तर कुठेतरी लिहिलं असेल. नीट वाच."

भाचीला अजून फोन केलेला नाही. परिशिष्ट ब चालू आहे.