कॉर्नवॉलची वाट, देवगडचा गडगा

गावाहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या एका अरुंद गल्लीत गाडी मागे घेत होतो. समोरून ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना 'कॉर्निश हेज'. हेज म्हटलं की आपल्याला मेंदीचं कुंपण वाटतं. प्रत्यक्षात हा दगड-मातीचा, वर गवत माजलेला गडगा असतो आणि गाडीचा आरसा त्याला घासला की कळतं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आमच्याच वाडीत इलंय मां!"

दादाचं म्हणणं थोडक्यात असं : समुद्राकडच्या तुकड्याला पुण्याची पार्टी आली आहे, भाव चांगला आहे, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे, सही पाठव. आणि नेहमीचं वाक्य : "तिकडे बसून कोकण वाचवा म्हणणं सोपं आहे."

ते खरंच आहे. ब्रिस्टलमध्ये राहून गावच्या जमिनीबद्दल मत देणाऱ्या माणसाचं ऐकायचं कशाला? पण दादा आणि त्याच्या बाजूचे लोक गेली तीस वर्षं मलाच परदेशाचा दाखला देत आले आहेत. 'कोकणचा कॅलिफोर्निया' ही घोषणा ऐकत आम्ही वाढलो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हाही आता बाहेरच्यासारखं होणार, असंच बोललं गेलं. म्हणून ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात मी कॉर्नवॉल जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मॅरेझियनच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी दगडी वाटेनं सेंट मायकल्स माउंटवर चालत जाता येतं, भरती आली की होडी. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिलेल्याला हे नवीन नाही, फक्त इथे भरती-ओहोटीच्या वेळा नीट लावलेल्या असतात. बेटावर आजही काही कुटुंबं राहतात, आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात राहतात तशी. बोटॅलॅकला कड्याच्या अगदी टोकाशी कथलाच्या खाणीची इंजिनघरं उभी आहेत. जवळची गीव्हर खाण १९९० मध्ये बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे. या खाणींतली माणसं पोटासाठी जगभर गेली, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतसुद्धा. आमच्याकडच्या चाकरमान्यांसारखीच. फरक एवढाच, की त्यांना गणपतीला परत यायची सोय नव्हती.

पोर्थकर्नोला मी मुद्दाम आईला नेलं. वर कड्यात खोदलेलं मिनॅक नाट्यगृह, खाली पांढरी वाळू. याच वाळूतून १८७० साली समुद्राखालची तार निघाली आणि जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन करत मुंबईला पोचली. लंडनचा निरोप मुंबईत काही मिनिटांत जायला लागला. आईनं संग्रहालयातली यंत्रं शांतपणे पाहिली आणि विचारलं, मग मुंबई-गोवा रस्ता अजून का होत नाही? २०११ पासून रुंदीकरण चालू आहे, एवढंच मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं तसं कोणी पाहू नये.

पण मला खरं बोलायचं आहे ते पायवाटेबद्दल. एका सकाळी बायको आणि आई बसनं सेंट आइव्ह्जला गेल्या. मी झेनॉरहून चालत निघालो. 'साउथ वेस्ट कोस्ट पाथ' हा ६३० मैलांचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं चार काउंट्यांमधून जातो. त्यातला माझ्या वाट्याचा तुकडा सहा-सात मैलांचा, चढउताराचा आणि चिखलाचा. ही वाट पर्यटकांसाठी कोणी आखलेली नाही. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला किनारा-पहारेकरी गस्त घालत. त्यांना प्रत्येक खाचेत डोकावून बघावं लागे, म्हणून वाटही प्रत्येक खाचेत उतरते आणि पुन्हा चढते. वाटेत कुणाची कुरणं, कुणाची गुरं. फाटक उघडायचं, मागे लावून घ्यायचं, पुढे जायचं. खांबावर ओकच्या फळाची खूण दिसली की ही वाट आपली. कुणाला विचारायला लागत नाही. २००९ च्या कायद्यानं तर इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्यालगत चालण्याचा हक्क द्यायचं ठरलं आणि ते काम अजून चालू आहे.

परदेशाचं कौतुक करणारे स्वच्छतेचं कौतुक करतात. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पावसानंतर इथे मैलापाणी समुद्रात सोडतात, आणि पोहायच्या आधी लोक मोबाइलवर पाणी कसं आहे ते बघतात. १९९० मध्ये कॉर्नवॉलच्याच सर्फिंग करणाऱ्यांना याविरुद्ध संघटना काढावी लागली. मला हेवा वाटला तो चिखलातल्या त्या फाटकाचा.

सेंट आइव्ह्जला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बंदरात माणसं, वरच्या गल्ल्यांत मात्र अंधार. दहातल्या दोन-तीन घरांत दिवे. बाकीच्या दारांशेजारी आकडे फिरवून उघडायच्या किल्लीच्या डब्या. आम्हीही अशाच डबीतून किल्ली काढून एका घरात उतरलो होतो, तेव्हा मी कुणाला नावं ठेवणार? आईनं विचारलं, "ही घरां बंद कित्याक रे? माणसां खय गेली?"

मी सांगितलं. मालक लंडनला, घर सुट्टीपुरतं. गावातली पोरं इथे घर घेऊ शकत नाहीत. २०१६ मध्ये या गावानं मतदान घेतलं, आठ दशांशांहून जास्त मतं बाजूनं पडली आणि नवी बांधलेली घरं कायम राहणाऱ्यांसाठीच, असा नियम झाला. मग पैसेवाले जुन्या घरांकडे वळले, असं टीकाकार म्हणतात. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या घरावर कौन्सिलचा कर दुप्पट आहे. येणाऱ्या पर्यटकाला इथले लोक आपसांत 'एमेट' म्हणतात, म्हणजे मुंगी.

आई थोडा वेळ गप्प राहिली. "म्हणजे आमची माणसां मुंबयेक गेली, म्हणून घरां बंद. हेंची लंडनची सुट्टीपुरती येतत, म्हणून बंद. कुलूप थयसर पण आणि हयसर पण."

यापुढे मला काही सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते हा कायदा आम्ही ढालीसारखा पुढे करतो. पण पुण्याच्या पार्टीकडेही कुठल्यातरी तालुक्याचा सातबारा असतोच. विकू नका म्हणावं, तर दादाच्या मुलीची फी मी भरणार आहे का? कॅलिफोर्निया नको म्हणावं, तर मी स्वतः त्याच्यापेक्षा दूर येऊन बसलो आहे. त्यामुळे 'विकू नका' हा उपदेश मी सोडून दिला.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. त्या तुकड्यातून समुद्राकडे जायची आमच्या वाडीची पाणंद आहे. गाबीत बायका मासळीच्या टोपल्या घेऊन तिथूनच वर यायच्या, आम्ही पोरं तिथूनच खाली पळायचो. शेजारच्या वाडीतली अशीच वाट मागच्या मे महिन्यात चिऱ्याच्या कंपाउंडनं बंद झाली. आता तिथले लोक किनाऱ्यावर जायला रस्त्यानं वळसा घालतात आणि बाहेरचे पर्यटक गाड्या थेट वाळूत घालून रुतवतात. आपल्याकडे वाटेचा हक्क नाही असं नाही. 'वहिवाट' हा शब्द इंग्रजांनी शिकवलेला नाही, आणि शेताची वाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. पण खांबावर खूण नाही, नकाशावर रेघ नाही. कंपाउंड उभं राहिलं की भांडायला गावात माणूस लागतो, आणि माणूस मुंबईत असतो. नाहीतर ब्रिस्टलमध्ये.

परतीच्या वाटेवर मी दादाला लिहिलं : सही देतो, भावाबद्दल बोलत नाही. खरेदीखतात दहा फुटांची वहिवाट लिहून घे, समुद्रापर्यंत, सगळ्या वाडीसाठी.

चार दिवसांनी उत्तर आलं. "पार्टी वाट सोडूक तयार नाय. तू कधी येतलस?"