पंख्याखाली बसून दिलेलं उत्तर

भाऊ,

सॅक्सोफोनचे अगदी वरचे सूर घशाच्या व्यायामाने कसे काढायचे यावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. व्यायाम-बियाम सगळं पुस्तकी. आपल्या खानदेशातले बँडवाले कडक रीड (फुंकल्यावर थरथरणारी बोरूची पट्टी) लावतात, दात दाबतात आणि जातात वर. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांना कुणी असले धडे दिले होते का. फिंगरिंगचा, म्हणजे कुठल्या सुराला कुठली बोटं याचा, तक्ता दिला असता तर लेखाचा काही उपयोग तरी झाला असता. आणि सॅक्सोफोनवादक राशरच्या पुस्तकाचं साल चुकलंय. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘पंख्याखाली बसून बँडवाल्यांना अक्कल शिकवू नये.’

साल चुकलं, मान्य. सिगर्ड राशरचं ‘टॉप टोन्स फॉर द सॅक्सोफोन’ १९४१ चं, माझ्याकडून १९३१ पडलं. दुरुस्त केलंय, आभार. चूक कबूल करायला मी लाजत नाही एवढं लक्षात असू द्या.

आता पंखा.

माझ्या लेखात बँडवाल्यांबद्दल एक वावगा शब्द दाखवा. नाही सापडणार. मतभेद असावा हो, पण अनोळखी माणसाशी बोलायची काही रीत असते. आमच्या अमळनेरात दारावर वसुलीला आलेल्यालाही आधी पाणी विचारतात. तुम्ही ‘काय हो शहाणे’ पासूनच सुरुवात केलीत.

आणि सांगायचंच झालं तर, मी बँडमध्ये सहा लग्नसराया काढल्यात. बँडचं नाव घेत नाही, कारण शेवटच्या सीझनचा हिशोब अजून मिटलेला नाही आणि मिटेल असं वाटतही नाही. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, अंगात झालरीचा लाल कोट. दोन गाण्यांच्या मधे रीडचं टोक वाळून लाटेसारखं वाकायचं, म्हणून माउथपीस तोंडातून काढायचा नाही, पान धरल्यासारखा गालात धरून ठेवायचा. तेव्हा माझ्या डोक्यावर पंखा नव्हता, भाऊ. गॅसबत्त्या घेतलेल्या बायका चालायच्या शेजारून आणि त्यांची धग कानाला लागायची.

तुमचं ते ‘दात दाबतात आणि जातात वर’ मीही केलंय. चोपड्याकडची वरात होती. नवरदेवाच्या मामाने नोट दाखवून ‘अजून वर!’ म्हणून फर्मावलं. माझ्या ऑल्टो सॅक्सोफोनवर कळांनी मिळणारा शेवटचा सूर, पाश्चात्त्य नावाने, वरचा एफ, फार तर एफ शार्प. त्याच्या पुढचा जी मला हवा होता. खालचा ओठ दातांवर घेतला आणि आवळला. रीड माउथपीसला चिकटली, हवा कोंडली, आणि मग जे बाहेर पडलं त्याला सूर म्हणणं पाप आहे. घोडी दोन पावलं आडवी गेली. शेजारचा ट्रंपेटवाला म्हणाला, ‘भो, हाऊ सूर शे का घोडी खिंकाळनी?’ दुसऱ्या दिवशी ओठाच्या आत दातांची अख्खी ओळ उमटली होती. चहा बशीत निववून प्यावा लागला.

यातलं कारण सांगितलं की तुम्ही पुस्तकी म्हणणार, पण सांगतो. दात दाबले की रीड आणि माउथपीसमधली फट बारीक होते, सूर पातळ होतो आणि चढतो. उन्हात नळीतली हवा तापल्याने वाद्य आधीच चढलेलं असतं, त्यावर हे. आणि एवढ्या वर गेल्यावर नळी स्वतः रीडला फारसा आधार देत नाही. तो आधार वाजवणाऱ्याच्या तोंडातून आणि घशातून यावा लागतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी वादक वाजवत असताना तोंडाच्या पोकळीची मोजमापं घेतली. मुरलेले वादक त्या वरच्या सुरांसाठी जीभ-घसा हलवून पोकळीचा अनुनाद (ती ज्या सुराला घुमते तो) हव्या त्या सुराजवळ आणून ठेवत होते. नवख्यांना ते जमत नव्हतं आणि ते सूरही निघत नव्हते.

माझा व्यायाम एवढाच आहे: सगळ्यात खालचा बी फ्लॅट धरा, म्हणजे सगळी भोकं बंद. ऑक्टेव्हच्या, म्हणजे सूर सप्तकभर वर नेणाऱ्या, कळेला हात लावायचा नाही, बोटं हलवायची नाहीत. नुसत्या घशाने वरचा बी फ्लॅट काढा, मग एफ, मग आणखी वरचा बी फ्लॅट, मग डी. सहाव्या पायरीवर तोच वरचा एफ येतो, जो एरवी आपण डाव्या तळव्याच्या कळांनी काढतो. तो तसा काढायचा आणि हा असा, आणि दोन्ही जुळवायचे. मला चौथ्या पायरीपुढे जायला एक अख्खा पावसाळा लागला. बायको म्हणायची, म्हैस व्यायला झाली का बघून या.

कडक रीडने थोडी मदत होते, हे मी लेखात लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

कद्रींना मधे ओढू नका. त्यांचे वडील नागस्वरम, म्हणजे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, वाजवायचे, ते स्वतः मैसूरच्या राजवाड्याचा बँड ऐकून सॅक्सोफोनकडे वळले आणि गमकांसाठी त्यांनी वाद्यातच बदल करून घेतले. तुम्ही-मी वरातीतले लोक.

तक्ता देणार नाही. प्रत्येक वाद्यावर, प्रत्येक माउथपीसवर बोटं थोडी बदलतात, आणि घसा तयार नसला की तक्ता रद्दीच्या भावाचा. यावर वाद घालायचा नाही.

तरी राग नाही. अमळनेरात कधीही या. पंखा बंद ठेवतो. खालचा बी फ्लॅट धरून, दात न लावता, मला नुसता तिसऱ्या पायरीवरचा एफ काढून दाखवा, चहा माझ्याकडून. रीड मात्र स्वतःची आणा, माझी देणार नाही.