‘होस्टिंग कुठलंही घ्या, सगळी सारखीच’? अजिबात नाहीत

हा मेसेज आठवडाभर वेगवेगळ्या ग्रुपवर दिसत होता आणि मी तो न वाचताच पुढे जात होते. रविवारी रात्री तो मामाकडून आला. खाली त्याची एक ओळ होती, ‘वाच गं, तू उगाच घाबरवतेस. मी आज तीन वर्षांचे पैसे भरून टाकतो.’ मग मात्र गप्प बसवेना.

मामा गेली नऊ वर्षं आकाशनिरीक्षणाच्या नोंदी लिहितो. ग्रहणं, उल्कावर्षाव, गुरूचे चंद्र, ढगांमुळे फुकट गेलेल्या रात्रीसुद्धा. चौदाशेच्या वर फोटो आहेत. जुना लॅपटॉप बंद पडला तेव्हा मूळ फोटो त्याच्याबरोबर गेले, त्यामुळे आता हे सगळं फक्त त्याच्या वेबसाइटवर आहे. अशा माणसाला कुणीतरी सांगतं की होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, निवडताना विचार करायची गरज नाही, याचा मला राग येतो.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: सगळ्या कंपन्यांचे सर्व्हर सारखेच, म्हणून स्वस्तातला अनलिमिटेड प्लॅन घ्या. ९९.९ टक्के अपटाइमची, म्हणजे साइट चालू असण्याच्या वेळेची, हमी असली की साइट बंद पडत नाही. बॅकअप कंपनीच रोज घेते, तुम्ही घेणं म्हणजे वेळ वाया. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तिथेच फुकट मिळतं, तेच घ्या. आणि पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, बाकी सगळं मार्केटिंग.

बॅकअपपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका पैसे देऊन सुधारता येतात, ही येत नाही.

१० मार्च २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ओव्हीएच ही युरोपातली फार मोठी होस्टिंग कंपनी, कुठली गल्लीबोळातली नव्हे. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. लाखो वेबसाइट बंद पडल्या. त्यातल्या बऱ्याच काही दिवसांनी परत आल्या, बऱ्याच कधीच आल्या नाहीत. ‘रस्ट’ नावाच्या ऑनलाइन खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर त्या आगीत गेले आणि त्यांचा डेटा परत मिळणार नाही, असं खेळ बनवणाऱ्यांना जाहीर करावं लागलं.

आता मेसेज लिहिणाऱ्याने पुढचं नीट वाचावं. त्या ग्राहकांमध्ये असेही होते ज्यांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. अशाच एका फ्रेंच व्यावसायिकाच्या करारात लिहिलेलं होतं की बॅकअपची जागा सर्व्हरपासून प्रत्यक्ष वेगळी असेल. आग विझल्यावर कळलं की बॅकअप त्याच इमारतीत होता. सर्व्हर जळाला आणि त्याची प्रतही जळाली. प्रकरण न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये लील शहरातल्या व्यापारी न्यायालयाने निकाल कंपनीच्या विरोधात दिला आणि भरपाई द्यायला सांगितलं. निकाल योग्यच होता, पण आगीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी आला, आणि भरपाईचा चेक म्हणजे जळालेला डेटा नव्हे.

म्हणजे ‘कंपनी बॅकअप घेते’ हे वाक्य खरं असूनही तुम्ही सगळं गमावू शकता. विचारायचं असतं ते हे: बॅकअप कुठे ठेवता? किती दिवसांचे ठेवता? परत हवा असेल तर मला स्वतः घेता येतो, की तुमच्याकडे विनंती करावी लागते आणि वेगळे पैसे पडतात? बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये, कुणी वाचत नाही त्या पानावर, स्पष्ट लिहिलेलं असतं की बॅकअप ही सोय आहे, तिची हमी नाही, आणि स्वतःची प्रत ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. कंपनी स्वतः लेखी सांगते ‘आमच्यावर अवलंबून राहू नका’, आणि हा मेसेज सांगतो ‘तुम्ही प्रत घेऊच नका’.

रविवारी रात्री मी मामाला फोनवर धरून त्याचं कंट्रोल पॅनल उघडायला लावलं. बॅकअपच्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती, चौदा महिन्यांपूर्वीची. ती त्याच खात्यात, त्याच सर्व्हरवर पडून होती. आम्ही ती उतरवून घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर रिकाम्या वर्डप्रेसमध्ये, म्हणजे मामाची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यात, टाकून पाहिली. फोटो आले. लिखाण एक ओळही आलं नाही. वर्डप्रेसमध्ये फोटो फाइलींमध्ये असतात आणि लिहिलेला मजकूर डेटाबेस नावाच्या वेगळ्या साठ्यात. त्या बॅकअपमध्ये डेटाबेस घेतलेलाच नव्हता. नऊ वर्षांच्या नोंदींचा बॅकअप आहे असं मामा चौदा महिने समजत होता, आणि नोंदी सोडून सगळं त्यात होतं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. म्हणून सांगते, बॅकअप आहे की नाही हे तो परत लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. या कामातली माणसं ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हौशी साइटवाल्याने निदान महिन्यातून एकदा फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावेत, इतकं तरी करायलाच हवं.

आता ९९.९ टक्के. आकडा ऐकायला मोठा आहे, हिशेब करून बघा. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. तेवढा वेळ साइट बंद राहिली तरी हमी मोडली असं होत नाही. शिवाय आधी कळवून केलेली देखभाल बहुतेक ठिकाणी त्यात धरत नाहीत. हमी मोडलीच, तर तुम्ही मागितल्यावर त्या महिन्याच्या शुल्काचा काही भाग पुढच्या बिलात वळता करतात. मामाच्या साइटवर वर्षातून दोन-तीनच रात्री गर्दी होते, ग्रहणाच्या. नेमकी तेव्हा साइट तासभर झोपली, तर त्या महिन्याची सवलत घेऊन तो काय करणार?

‘अनलिमिटेड’बद्दल फार लिहीत नाही. जगात अमर्याद डिस्क नसते. मर्यादा असतेच, फक्त दुसऱ्या नावाने. फाइलींच्या संख्येवर असते, तिला आयनोड मर्यादा म्हणतात. एका वेळी किती विनंत्या चालतील यावर असते, प्रोसेसर किती वापरता यावर असते. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या पाच-सहा आवृत्त्या आपोआप बनवतं, म्हणजे चौदाशे फोटोंच्या आठेक हजार फाइली होतात. गर्दीच्या रात्री मर्यादा ओलांडली की वाचकाला साइटऐवजी ५०८ क्रमांकाची एरर दिसू शकते. आकडा स्पष्ट सांगणारा प्लॅन हा ‘अनलिमिटेड’पेक्षा प्रामाणिक असतो.

फुकट डोमेन. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षापासून दर काय ते आधी बघा. त्याहून महत्त्वाचं, डोमेन कुणाच्या नावावर नोंदलंय ते बघा. तुमचं नाव आणि तुम्ही रोज उघडता तो ईमेल तिथे हवा, साइट बनवून देणाऱ्या मुलाचा नको. डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरेंसाठी आयकॅन या संस्थेचे नियम आहेत: डोमेन विकणाऱ्या कंपनीला मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना पाठवावीच लागते, आणि डोमेन दुसरीकडे न्यायचा कोड तुम्ही मागितल्यावर पाच दिवसांत द्यावा लागतो. पण ही सूचना जाते नोंदलेल्या ईमेलवर. तो ईमेल दुसऱ्याचा असेल तर नियम असून उपयोग नाही. माझ्या मते होस्टिंग आणि डोमेन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावं. एकाशी बिनसलं तर दुसरं तरी हातात राहतं.

कुलपाचं एका परिच्छेदात संपवते. कुलूप दिसतं ते साइटकडे एक सर्टिफिकेट असल्यामुळे, आणि ते सर्टिफिकेट वाचक आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कुणी मध्येच वाचू नये यासाठी असतं. साइटवाला प्रामाणिक आहे की नाही, सर्व्हर कुणी फोडलाय की नाही, हे त्यातून कळत नाही. फसवणुकीच्या साइटही ते घेतात. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. जे चिन्ह क्रोमने काढून टाकलं, त्यावर भरवसा ठेवा असं हा मेसेज सांगतोय. आणि हो, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे हे सर्टिफिकेट फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या कंपनीला कारण विचारा.

राहिलं ‘सगळ्या सारख्याच’. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतंय. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर ही दोन नावं वेगळी वाटतात, दोन्ही न्यूफोल्ड डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. अनेक लहान कंपन्या मोठ्यांचीच यंत्रं भाड्याने घेऊन विकतात. महाग म्हणजे चांगलं हेही खरं नाही. मामाच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइटनी वाटून घेतलेला सर्व्हर, पुरतं, मी त्याला कधीच महागडा सर्व्हर घे म्हटलं नाही. पण यंत्र सारखं असलं म्हणून ते सांभाळणारी माणसं सारखी होत नाहीत. एका सर्व्हरवर किती गिऱ्हाइकं कोंबायची, बॅकअप कुठे ठेवायचा, रात्री दोनला तक्रार आली तर कोण उठणार, हे कंपनी ठरवते, आणि फरक तिथेच पडतो.

एक गोष्ट मामाच्या लक्षात आली नव्हती. मेसेजच्या शेवटी एका स्वस्त प्लॅनची लिंक आहे आणि लिंकच्या शेपटीला रेफरल कोड आहे. त्यावरून कुणी प्लॅन घेतला की लिंक पसरवणाऱ्याला कमिशन मिळतं. कमिशन घेण्यात गुन्हा नाही, ते लपवून ‘बाकी सगळं मार्केटिंग’ म्हणण्यात आहे.

मामाने अजून पैसे भरलेले नाहीत. त्या रात्री आम्ही आधी फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घेतले, लावून पाहिले, नऊ वर्षांपूर्वीची पहिली नोंद उघडली तेव्हा त्याने सुटकेचा श्वास सोडला. मग दोन कंपन्यांच्या मदत विभागाला एकच प्रश्न लिहिला, ‘तुमचा बॅकअप सर्व्हरच्याच इमारतीत असतो की दुसरीकडे?’ मेसेजमधल्या कंपनीकडून प्लॅनची जाहिरात परत आली. दुसरीकडून पाऊण तासात उत्तर आलं, बॅकअप कोणत्या शहरात, किती दिवसांचा, आणि तो स्वतः कसा परत घ्यायचा. मामा म्हणाला, एक वर्षाचंच घेऊ, आणि या दुसऱ्या कंपनीचंच.