विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना पगार मिळत नाही

रविवारी सकाळी काकूचा फोन. "खरं सांग, त्या विकिपीडियाचे तुला महिन्याला किती मिळतात?"

काकू अडुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दिवाळीपासून मराठी विकिपीडियावर जुन्या भांड्याकुंड्यांबद्दल लिहिते, एका बोटाने टाइप करून. रोवळीच्या लेखासाठी तिने माळ्यावरची रोवळी उतरवली, घासली, खिडकीत उजेडाला ठेवून चार फोटो काढले. आता म्हणते, "माझं खातं बंद करून टाक. लोक म्हणतील, म्हातारी पैशासाठी करते."

कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: 'विकिपीडियाला एक रुपयाही देऊ नका.' म्हणे लिहिणारे पगारी आहेत, सर्व्हरला फक्त दोन टक्के लागतात आणि बाकीचे खाल्ले जातात, पैसे हवेत तर जाहिराती घ्याव्यात, आणि बंद पडण्याची भीती खोटी आहे.

पगाराचं आधी, कारण काकूला तेच लागलं. लेख लिहिल्याबद्दल विकिमीडिया फाउंडेशन, म्हणजे विकिपीडिया चालवणारी संस्था, कुणालाही पैसे देत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तो हौशी माणसांनी उभा केलाय. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी घातलेल्या शिव्या पुसणाऱ्या प्रचालकांनाही मानधन नाही. कधीमधी लेखस्पर्धेत बक्षीस मिळतं, त्याला पगार म्हणत नाहीत. बाहेर पैसे घेऊन पानं बनवून देणारे भामटे आहेत, हे खरं. पण २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशीच वसुली करणारी ३८१ खाती बंद झाली, तेव्हा ती महिनोन्महिने शोधून काढली ती बिनपगारी स्वयंसेवकांनीच. मेसेज लिहिणाऱ्याने चोर आणि राखणदार एकाच रांगेत उभे केलेत.

दोन टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. २०२२-२३ च्या लेखापरीक्षित हिशेबात एकूण खर्च सुमारे १६.९ कोटी डॉलर, त्यात होस्टिंग, म्हणजे सर्व्हरचा खर्च, ३१ लाख. पगारांवर १० कोटींच्या वर. पण म्हणून बाकीचे खाल्ले? सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? आणि वकील? जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने स्वतःबद्दलच्या पानावरून दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दोन कोटी रुपयांचा दावा लावला, पानावर लिहिणाऱ्या तिघांची ओळखही मागितली. या खटल्याबद्दलचं विकिपीडियावरचं पान काढून टाकण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तिथे उभं राहायला वकील लागतात आणि ते फुकट येत नाहीत. उद्या माझ्या एखाद्या वाक्यावरून नोटीस आली, तर माझ्या पगारात मी एक तारीखसुद्धा लढवू शकणार नाही.

जाहिरातींचं थोडक्यात. २००२ मध्ये जाहिराती येण्याची नुसती कुणकुण लागली, तर स्पॅनिश विकिपीडियावरचे बरेच लेखक उठून गेले आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश काढला. फुकट राबणारा माणूस दुसऱ्याच्या दुकानासाठी राबत नाही.

बंद पडण्याच्या भीतीबद्दल मात्र मेसेजचं निम्मं म्हणणं मान्य करावं लागतं. २०२२-२३ च्या अखेरीस फाउंडेशनकडे सुमारे २५ कोटी डॉलरची निव्वळ मालमत्ता होती. विकिपीडिया उद्या बंद पडणार नाही, आणि पानावर झळकणाऱ्या देणगीच्या आवाहनाच्या पट्ट्या वाचून तसं वाटत असेल तर त्या चुकीच्या आहेत. पण हे या मेसेजवाल्याने शोधलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनीच त्या मजकुरावर जाहीर आक्षेप घेतला आणि फाउंडेशनला तो बदलावा लागला. ज्यांना पगारी म्हणता, तेच हे बोलले.

तुम्हाला देणगी द्यायची नसेल तर नका देऊ. पण ग्रुपवर तो मेसेज ज्यांनी पुढे ढकलला, त्यांनी काकूला फोन करून सांगावं की आपलं चुकलं.

आणि काकू, विकिपीडियावरचं खातं पुसून टाकता येतच नाही. तू केलेला प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात तुझ्या नावावर आहे. तांदूळ धुऊन रोवळीत किती वेळ निथळत ठेवायचे, तो परिच्छेद अर्धा राहिलाय. मला तो लिहिता येणार नाही.