हायवेचा आणि कलेचा संबंध काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हायवेच्या कडेच्या कलेवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबई-गोवा हायवेच्या कडेने कला शोधणं ही पर्यटकांची हौस, कोकणातली खरी कला आत, वाड्यांवर आणि देवळांच्या मांडावर (जिथे खेळ होतात त्या जागी), हायवेने दिले ते खड्डे आणि अपघात.

खड्ड्यांबद्दल वादच नाही. चौपदरीकरण सुरू होऊन दशक उलटून गेलं, तरी गणपतीला निघणारा चाकरमानी आधी रस्त्याची चौकशी करतो. पण हायवेचा आणि कलेचा संबंध नाही, हे मला मान्य नाही.

नकाशा बघा. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. यातलं एकही गाव हायवेने वसवलेलं नाही. खाडीतून होड्या जिथवर येत तिथे माल उतरायचा आणि घाटाकडे निघायचा. ही त्या व्यापाराची जुनी ठाणी. रस्ता नंतर आला आणि त्यांनाच जोडत गेला. म्हणूनच महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी गाडीतून दिसतात. संगमेश्वरला वाट थोडी वाकडी केली की कसब्याचं कर्णेश्वर मंदिर येतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ आणि २०२१ च्या पुरांत ग्रंथ भिजले तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलं. हे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. बाजारपेठेच्या गावात जे साठतं ते साठलंय.

आता दशावतार, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. तो देवळाचा आणि जत्रेचा, अगदी बरोबर. पण दशावतारी मंडळं एका गावात बसून कधी होती? कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आज या गावात, उद्या त्या. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन पायी जायचे, आता टेम्पो असतो. रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग (गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर), मग आख्यान आणि पहाटे दहीकालो (दहीहंडी). लिहिलेली संहिता हातात नसते, संवाद रंगमंचावरच सुचतात. उजाडता रंग पुसून राजे आणि राण्या (राण्याही पुरुषच) टेम्पोत आडव्या होतात, कारण रात्री दुसऱ्या गावात पुन्हा उभं राहायचं असतं. या मंडळांना रस्त्यापासून वेगळं कसं काढणार?

पिंगुळीवर तुम्ही फारच चिडलात. ‘म्युझियममध्ये ठेवली की कला मेली.’ कुडाळच्या कुशीतल्या या गावातले ठाकर कलावंत चित्रकथीची पोथी घेऊन देवळादेवळांत फिरायचे. एकेक चित्र समोर धरत रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायचे. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही त्यांच्याच. गावागावांतून बोलावणं येईनासं झालं, तेव्हा परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभारलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांसाठी आख्यान आटोपशीर करून दाखवावं लागतं, ते मलाही खटकतं. पण पोथ्या ट्रंकेत कसर लागून पडल्या असत्या, तर तुम्ही आणि मी आज कशावर भांडलो असतो?

भांडायचंच असेल तर उड्डाणपुलावरून भांडा. कणकवलीत गाडी वरून निघून जाते आणि गाव खाली राहतं. जुन्या रस्त्यावर चहाला थांबलेला माणूस जत्रेचा बोर्ड तरी वाचायचा. पुढच्या लेखात हेच घेणार आहे.

तोवर एक करा. तुमच्या गावच्या जत्रेला कोणतं मंडळ येतं आणि कधी, ते इथे लिहा. रात्रभर बसायची माझी तयारी आहे, फक्त परतीला खड्डे कुठे आहेत तेही सांगून ठेवा.