"ड्रॉ-आउट फीडर आहे, पाच मिनिटांत बदला" या मेसेजमध्ये नेमकं काय चुकीचं आहे

मेंटेनन्सवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय, मला तो तीन जणांनी पाठवला म्हणून शेवटी लिहायला बसलो. आधी चार शब्द: एमसीसी म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर, अनेक मोटरींचे स्विच-स्टार्टर एकत्र असलेलं पॅनल. त्यातला एका मोटरचा डबा म्हणजे फीडर, तो ड्रॉवरसारखा ओढून निघतो म्हणून ड्रॉ-आउट. सगळ्या फीडरना सप्लाय देणाऱ्या मागच्या पट्ट्या म्हणजे बस, आणि त्यांना पकडणारे फीडरच्या मागचे स्प्रिंगचे चिमटे म्हणजे जॉ कॉन्टॅक्ट. मेसेज थोडक्यात असा: "एमसीसीचा ड्रॉ-आउट फीडर म्हणजे प्लग अँड प्ले. फीडर जळाला तर हँडल ऑफ करा, हँडल ऑफ म्हणजे करंट नाही, ओढून बाहेर काढा, त्याच साइजचा स्पेअर घाला, पाच मिनिटांत मोटर चालू. बस बंद करायची गरज नाही, ड्रॉ-आउट त्यासाठीच बनवलाय. जॉ कॉन्टॅक्टला ग्रीस आणि वर्षातून एकदा थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी), बाकी मेंटेनन्स शून्य."

नवीन पोरं हे वाचून तसंच करतात, आणि पॅनलसमोर उभं तेच असतात, मेसेज लिहिणारा नसतो.

आधी सगळ्यात मोठा मुद्दा, "बस बंद करायची गरज नाही". यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो. आयईसी ६१४३९ या पॅनलच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये काढता येणाऱ्या भागाची व्याख्याच अशी आहे की तो ज्या सर्किटला जोडलाय ते लाइव्ह असलं तरी तो काढता-बदलता आला पाहिजे. पण त्या फीडरवर लोड नसला पाहिजे, म्हणजे त्याचा स्विच आधी ऑफ हवा. आणि पॅनलच्या टेस्ट होतात त्या नव्या, सरळ, स्वच्छ नमुन्यावर. तुमच्या समोरचं पॅनल पंधरा वर्षं धूळ खाल्लेलं, गाइड रेल थोडी वाकलेली, जॉच्या स्प्रिंग ढिल्या, शटर (फीडर काढल्यावर बस झाकणारा पडदा) अर्धवट अडकणारं, असं असेल तर कागदावरची व्याख्या तिथं तुमचं रक्षण करत नाही.

सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे जॉ बसबारला पकडतो किंवा सोडतो तो क्षण. एक फिंगर वाकलेलं असेल, आत सुटलेला स्क्रू किंवा विसरलेला लग (केबलच्या टोकाचा जोड) असेल, तर फेजफेजमध्ये आर्क (विजेचा भडका) पेटतो आणि तुम्ही त्याच्या बरोबर समोर, दोन्ही हात हँडलवर ठेवून उभे असता. एनएफपीए ७०ई या अमेरिकन इलेक्ट्रिकल सेफ्टी स्टँडर्डच्या टेबलमध्ये एमसीसीतून स्टार्टरचं बकेट (म्हणजे आपला फीडर) काढणं-घालणं हे काम स्पष्ट लिहिलंय आणि त्याला आर्क फ्लॅशची शक्यता असलेलं काम मानलंय, पॅनल चांगल्या स्थितीत असलं तरी. त्याच स्टँडर्डच्या दुसऱ्या टेबलात ६०० व्होल्ट क्लासच्या एमसीसीला ६५ किलोअँपिअरपर्यंत फॉल्ट आणि ०.०३ सेकंदात क्लिअर होणार असेल तर पीपीई (अंगावरच्या संरक्षक साधनांची) कॅटेगरी २ आहे, पण ४२ किलोअँपिअर आणि ०.३३ सेकंद असेल तर थेट कॅटेगरी ४, म्हणजे जाडजूड सूट आणि हूड. करंट कमी आणि तरी धोका जास्त, कारण इनकमरचा (पॅनलला मुख्य सप्लाय देणारा) ब्रेकर उशिरा ट्रिप होतो आणि तेवढा वेळ आर्क जळत राहतो. आता सांगा, मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या इनकमरचं टाइम सेटिंग माहिती आहे?

आणि मेसेज म्हणतोय "फीडर जळाला तर". म्हणजे नेमकी तीच वेळ जेव्हा लाइव्ह बसवर हे करायचं नसतं! फीडरच्या आत फ्लॅश झाला असेल तर काजळी आणि वितळलेल्या तांब्याचे कण मागच्या व्हर्टिकल बसबारच्या इन्सुलेशनवर बसलेले असू शकतात, जॉचा तुकडा तिथंच अडकलेला असू शकतो, आणि बस चालू असताना शटर उघडून तुम्ही ते बघू शकत नाही. जळलेला फीडर असेल तर तो सेक्शन बंद, मागची बाजू तपासायची, साफ करायची, बस मेगर करायची (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचा), मगच नवा फीडर आत. प्रॉडक्शनवाले ओरडतील, ओरडू देत. साधा, न जळलेला फीडर बदलायचा असेल आणि बस खरंच बंद करता येत नसेल, तर तो निर्णय वरच्या जबाबदार माणसाने लेखी घ्यायचा, शिफ्टमधल्या एकट्या पोराने नाही. रिमोट रॅकिंगची (लांबून फीडर आत-बाहेर करायची) सोय असेल तर ती वापरायची.

"हँडल ऑफ म्हणजे करंट नाही." हे वाक्य तर मेसेजमधून आधी काढून टाका. फीडर सर्व्हिस पोझिशनला (पूर्ण आत) असेपर्यंत एमसीसीबीचे (फीडरच्या ब्रेकरचे) वरचे टर्मिनल लाइव्हच असतात, हँडल ऑफ असलं तरी. फीडर पूर्ण बाहेर काढला तरी मागची बस लाइव्ह, तुमच्या आणि तिच्यामध्ये फक्त एक प्लास्टिकचं शटर. टेस्ट पोझिशनला पॉवर तुटलेली पण कंट्रोल सप्लाय चालू, ते तर त्या पोझिशनचं कामच आहे. शिवाय बाहेरून येणाऱ्या वायरी, दुसऱ्या फीडरचा इंटरलॉक, डीसीएसकडून (प्लांटच्या कंट्रोल सिस्टिमकडून) आलेलं पोटेन्शियल, आणि मोटरचा स्पेस हीटर (आत ओल धरू नये म्हणून लावलेला), जो मोटर बंद झाली की चालू होतो आणि पुष्कळदा वेगळ्याच डीबीवरून (डिस्ट्रिब्युशन बोर्डवरून) फीड असतो. मला स्वतःला एकदा फीडर बाहेर काढून ठेवल्यावर केबल अ‍ॅलीमधल्या हीटरच्या टर्मिनलवर २४० व्होल्ट मिळाले होते, टेस्टर लावायची सवय होती म्हणून हात लावला नाही. तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे, आधी चालू सप्लायवर टेस्टर तपासायचा, मग कामाच्या जागी प्रत्येक टर्मिनल, मग परत चालू सप्लायवर, आणि फीडर आयसोलेटेड पोझिशनला आपल्या स्वतःच्या कुलपाने लॉक. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं.

"त्याच साइजचा स्पेअर". साइज म्हणजे काय तर उंची आणि गाइड जुळतात एवढंच. समजा १५ किलोवॅटची मोटर आहे, ४१५ व्होल्टला साधारण २७-२८ अँपिअर घेणारी, आणि तुम्ही २२ किलोवॅटच्या मोटरचा स्पेअर ढकलला ज्याचा ओव्हरलोड रिले ४० अँपिअरवर सेट आहे. फीडर मस्त बसेल, मोटर चालू होईल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि मग बेअरिंग जड होऊन ती मोटर ३५ अँपिअर खात राहिली तरी रिले गप्प बसेल, वाइंडिंग जळेपर्यंत. कंट्रोल व्होल्टेज वेगळं असेल तर ११० ची कॉइल २४० वर जळते, उलटं केलं तर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) नीट ओढतच नाही. कंट्रोल प्लगच्या पिनांचा क्रम, डीओएल (थेट, एकाच दिशेने चालवणारा) की रिव्हर्सिंग, सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) रेशो, इंटेलिजंट रिले असेल तर त्याचा नेटवर्क अ‍ॅड्रेस (दोन फीडरना एकच अ‍ॅड्रेस पडला तर दोन्हीकडून चुकीची माहिती यायला लागते), आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शॉर्ट सर्किट रेटिंग. ५० किलोअँपिअरच्या पॅनलमध्ये २५ किलोअँपिअरचा ब्रेकर असलेला फीडर बसतो, चालतो, आणि फॉल्टच्या दिवशी फुटतो.

"मोटर चालू करा", पण ट्रिप का झाला ते कोण बघणार? टाइप १ कोऑर्डिनेशनचा (शॉर्ट सर्किटमध्ये स्टार्टरचं किती नुकसान चालेल याचा वर्ग) स्टार्टर असेल तर शॉर्ट सर्किटनंतर कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले खराब होणं स्टँडर्डलाच मान्य आहे, आणि टाइप २ मध्येही कॉन्टॅक्ट हलके चिकटलेले चालतात, सहज सुटत असतील तर. म्हणजे दोन्हीकडे उघडून बघायचंच. फॉल्ट केबलमध्ये किंवा मोटरमध्ये असेल तर नवा फीडर त्याच फॉल्टवर क्लोज होणार. ५०० व्होल्टचा मेगर लावायला किती वेळ लागतो? आणि हो, मेगर लावण्याआधी व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर वेगळा करा.

ग्रीसचं म्हणाल तर, जॉ कॉन्टॅक्ट चालतो तो स्प्रिंगच्या दाबावर आणि चांदी किंवा टिनच्या प्लेटिंगवर. बेअरिंगचं ग्रीस थापलं की त्यात धूळ बसते आणि गरम होऊन ते कडक होतं. मेकरने सांगितलेलं कॉन्टॅक्ट ग्रीस, सांगितलंय तिथेच, पातळ थर, बस. पॉलिश पेपर तर अजिबात मारू नका, प्लेटिंग गेलं की खालचं तांबं ऑक्साइड पकडतं. चांदी नुसती काळपट दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण स्प्रिंगचा रंग बदलला असेल, ती निळसर-तपकिरी झाली असेल, तर तिचा दाब गेला, बदला. साधा हिशोब बघा, २०० अँपिअरला ५० मायक्रोओहमचा जॉइंट २ वॅट उष्णता सोडतो, तोच जॉइंट ४०० मायक्रोओहम झाला तर १६ वॅट, तेही बंद डब्यात. आणि गरम झाल्याने स्प्रिंग अजून ढिली होते, मग अजून गरम. हे मायक्रोओहममीटरने तिन्ही फेजला मोजून एकमेकांशी ताडून बघता येतं.

थर्मोग्राफी चांगलीच आहे, मी विरोधात नाही. पण कॅमेरा लोखंडी दारातून किंवा साध्या काचेतून आत बघत नाही, आणि जॉ तर फीडरच्या मागे असतो. लोड निदान ४० टक्के नसेल तर खराब जॉइंटही थंड दिसतो. बंद मोटरच्या फीडरचा फोटो काढून ओके लिहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत. शटर, इंटरलॉक, लग टाइट आहेत का, ट्रिप टेस्ट, यातलं काहीच कॅमेऱ्यात येत नाही.

पाच मिनिटांत मोटर चालू होणं अशक्य नाही, फक्त तो वेळ आधीच घालवलेला असतो. आमच्याकडे प्रत्येक स्पेअर फीडरच्या दारावर आतून एक स्लिप असते: कुठल्या मोटरसाठी, ओव्हरलोड सेटिंग, कंट्रोल व्होल्टेज, ब्रेकरचं रेटिंग, टेस्ट पोझिशनला शेवटचा कधी चालवून बघितला. स्लिप नसलेला स्पेअर स्टोअरमधून बाहेर येत नाही, रात्रपाळीला फोन आला तरी.